हत्यार परवान्याचे, पण त्यावर कानस चालवली की गुन्हा

२०२५ च्या जानेवारी अखेरीस पालघर तालुक्यात मनोरकडच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. झाडीत हालचाल दिसली. डुक्कर समजून बार काढला आणि तो लागला आपल्याच सोबत्याला. माणूस जागीच गेला. बाकीचे घाबरले. पोलिसांत वर्दी देण्याऐवजी प्रेत झुडपात लपवले. काही दिवसांनी प्रकरण उघडकीस आले, अटका झाल्या, आणि ऐन हंगामात कितीतरी घरे उघडी पडली.

त्यानंतर शिवारफेरीला गेलो की भाताच्या करप्याइतकेच बंदुकीबद्दलचे प्रश्न येऊ लागले. "सायेब, बापाची बंदूक घरात आहे, तिचं काय करायचं?" "पिस्तूल घेतलं तर डुकरं पळतील का?" बोईसरकडे ठेकेदारी करणारे, वीटभट्टीवाले, डहाणू-घोलवडचे चिकूबागाईतदार यांच्यापैकी काहींकडे स्वसंरक्षणासाठी परवान्याचे रिव्हॉल्व्हर असते. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो. चाप फार जड लागतो, तो हलका करून घेतला तर काय बिघडते? जुन्या बाराबोरीची नळी लांब पडते, जीपमध्ये मावत नाही, थोडी कापली तर? तारापूर एमआयडीसीत लेथवाल्यांना तोटा नाही. दहा मिनिटांचे काम.

शेती खात्याच्या माणसाने बंदुकीवर कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. पण डुक्कर भातात शिरते, चोर चिकूत शिरतो, आणि त्यातूनच हा बंदुकीचा विचार शेतकऱ्याच्या डोक्यात शिरतो. म्हणून हा विषय आमच्याही वाट्याला येतो.

दहा मिनिटांचे काम, सात वर्षांची कैद

आपल्याकडे हत्यारांचा मूळ कायदा १९५९ चा. त्याचे कलम ६ ज्याच्या घरी बंदूक आहे त्याने पाठच करावे. विशेष परवाना असल्याशिवाय कोणीही बंदुकीची नळी आखूड करायची नाही आणि नकली बंदुकीची खरी बंदूक करायची नाही. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला तेव्हा त्यात आणखी भर पडली. शस्त्र नियम २०१६ मध्ये हत्यारांचे जे वर्ग केले आहेत, त्यातल्या एका वर्गाचे हत्यार दुसऱ्या वर्गात बसेल असा बदल करणे हाही गुन्हा झाला.

हा विशेष परवाना म्हणजे तुमच्या खिशातला परवाना नव्हे. गैरसमज होतो तो इथेच. "माझ्याकडे लायसन आहे, बंदूक माझी, मी तिचं काहीही करीन" असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. तुमचा परवाना हत्यार बाळगण्याचा असतो. त्यावर हत्याराचा प्रकार, बोअर आणि नंबर लिहिलेला असतो. त्या कागदावर लिहिलेले हत्यार आणि तुमच्या हातातले हत्यार एकच असले पाहिजे. नळी कापली, अंतर्भाग बदलला की कागद एक बोलतो आणि लोखंड दुसरेच.

शिक्षा किती? २०१९ पूर्वी नळी आखूड करण्याला तीन ते सात वर्षे कैद होती. आता कमीत कमी सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप आणि वर दंड. विनापरवाना साधी बंदूक घरात सापडली तर दोन ते पाच वर्षे कैद. आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. परवाना असलेला पण नळी कापणारा माणूस हा विनापरवाना बंदूक ठेवणाऱ्यापेक्षा कायद्याच्या नजरेत जास्त मोठा गुन्हेगार ठरू शकतो. गावातले जाणते म्हणवणारेही हे ऐकून गप्प होतात.

लेथवाल्याचेही तेच. कलम ५ प्रमाणे हत्यार बनवणे, विकणे, त्यात बदल करणे, दुरुस्त करणे, त्याची चाचणी घेणे या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तो परवाना असलेला शस्त्रविक्रेता किंवा बंदूक-कारागीर सोडून दुसऱ्या कोणी हात लावला, तर तो याच सात वर्षे ते जन्मठेपेच्या कलमात येतो. एमआयडीसीतला पोरगा ओळखीखातर, चहापाण्यावर काम करून देतो. त्याला बिचाऱ्याला माहीतही नसते की तो काय ओढवून घेतो आहे. तुमच्या हौसेपायी दुसऱ्याच्या पोराला तुरुंगात पाठवू नका, एवढेच सांगणे.

दस्त्याच्या लाकडी फळ्या बदलल्या तर चालते का, असेही विचारतात. कलम ६ मध्ये दस्त्याचे नाव नाही. पण कलम ५ मध्ये दुरुस्ती हा शब्द आहे. म्हणून फळी बदलायची झाली तरी परवानाधारक कारागिराकडेच जा आणि पावती घ्या. घासताना किंवा पॉलिश करताना नंबर पुसट झाला तर आणखी पंचाईत. कलम ८ प्रमाणे नंबर किंवा खूण खोडणे, बदलणे हा गुन्हा आहे, आणि खोडलेल्या नंबरचे हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असे कायदा धरून चालतो. आपण नाही खोडला हे तुम्ही सिद्ध करायचे.

चाप हलका का करू नये

आता कायदा बाजूला ठेवून लोखंडाचा विचार करू.

रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो तो कारखान्याच्या चुकीने नव्हे. घोडा मागे खेचून सोडायला ठराविक जोर लागावा अशी स्प्रिंग बसवलेली असते, म्हणजे घाबरलेल्या माणसाचे बोट नुसते आवळले तरी बार निघू नये. रात्री दोन वाजता कुत्रे भुंकले, माणूस झोपेतून दचकून उठला, हात थरथरतोय, समोर सावली दिसते. ती सावली चोराची असेल, नाहीतर लघवीला उठलेल्या आपल्याच भावाची. त्या वेळी जड चाप हा तुमचा मित्र असतो.

स्प्रिंग कापून किंवा आतला खटका घासून चाप हलका केला की दोन गोष्टी होतात. पहिली, घोडा ज्या खाचेवर अडकून राहतो ती खाच झिजते आणि धक्क्याने, पडण्याने बार उडू शकतो. दुसरी, घोड्याचा ठोसा कमजोर पडून काडतूस कधी पेटते, कधी पेटत नाही. म्हणजे नको तेव्हा उडते आणि हवे तेव्हा उडत नाही. असल्या हत्याराला स्वसंरक्षणाचे हत्यार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

न बदललेले हत्यारही पडले तर काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या हातून त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात गेली. घर मुंबईतले, माणूस जाणता. वैर नाही, भांडण नाही. आपल्याकडे तर हत्यार उशाखाली, नाहीतर मोटारसायकलच्या डिकीत असते.

काडतुसांचीही गंमत आहे. रिव्हॉल्व्हरवाले आणि पिस्तूलवाले दोघेही "बत्तीस" म्हणतात, पण दोघांची काडतुसे वेगळी. एकाचे दुसऱ्यात जेमतेम बसते, म्हणून ते चालते असे नाही. बसावे म्हणून घर खरवडून घेणारे वीरही असतात. घर सैल झाले की काडतुसाचे पितळ फाटते आणि पेटलेला वायू मागे, म्हणजे तुमच्या तोंडावर येतो. प्रत्येक हत्यार कारखान्यातून निघताना नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून तपासलेले असते आणि तसा शिक्का त्यावर मारलेला असतो. तुम्ही आतून एक कानस मारली की त्या शिक्क्याचा अर्थ संपला.

जुन्या बाराबोरीबद्दल अंमळ सविस्तर सांगतो, कारण गावात तीच जास्त. कित्येक जुन्या बंदुका अडीच इंची काडतुसाच्या. आज दुकानात मिळणारे काडतूस बहुधा पावणेतीन इंची. न उडवलेले काडतूस आत जाते, म्हणून माणूस फसतो. उडाल्यावर त्याचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि एखाद्या दिवशी नळी फाटते. नळीच्या बुडाशी लांबीचा आकडा कोरलेला असतो. तो परवानाधारक दुकानदाराला दाखवूनच काडतूस घ्या. आपल्या किनाऱ्याची खारी हवा, तारापूरकडचा वाफारा, चार महिन्यांचा पाऊस, यात नळी आतून गंजते. आणखी एक गोष्ट. भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. बाहेरून दिसत नाही. तसाच बार काढला तर नळी केळीच्या सालीसारखी उलगडते, आणि ती धरलेला हात शिल्लक राहील याची खात्री नाही. गंज असो, माती असो, आपण तारेने खरवडत बसू नये. रिकामी करून कारागिराकडे न्यावी.

नळी कापण्याचा मोह या बाराबोरीच्याच बाबतीत होतो. बहुतेक बंदुकांच्या नळीचे तोंड किंचित अरुंद केलेले असते, त्यामुळे छर्रे एकत्र राहतात. तेवढाच भाग कापला की छर्रे पसरतात. समोरच्या डुकराला चार लागतात, बाजूला उभ्या असलेल्याला दोन. बोरशेतीसारखा प्रसंग सरळ बंदुकीनेही घडतो, कापलेल्या बंदुकीने तो जास्त सहज घडेल.

पिकासाठी रिव्हॉल्व्हर हा विचारच चुकीचा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डुकरासाठी रिव्हॉल्व्हर घेऊ नका. अंधारात, धावत्या जनावरावर, आखूड नळीच्या हत्याराने नेम लागत नाही. जखमी डुक्कर माणसाला फाडते, हे जव्हार-मोखाड्याच्या माणसाला मी काय सांगावे?

कायद्याने शेतकऱ्यासाठी वेगळी वाट ठेवली आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नाही. कलम १३ प्रमाणे खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. तेवढ्याने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना ते देऊ शकतात. याच कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान वीस इंच असावी असे म्हटले आहे. म्हणजे नळी कापणारा आपल्याच परवान्याच्या पायावर कुऱ्हाड मारतो. अर्ज करताना सातबारा, पीकपाहणी, यापूर्वी वनखात्याकडे दिलेल्या नुकसानीच्या अर्जांच्या पोचपावत्या जोडा. कागद बोलका असला की काम पुढे सरकते.

पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. पिकाचे नुकसान करणारे डुक्कर मारायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. सुरुवात आपल्या वनक्षेत्रपालाच्या कार्यालयातून होते. जिवावर बेतले म्हणून सद्भावनेने जनावर मारावे लागले तर तो गुन्हा धरत नाहीत. मात्र त्या वेळी तुम्ही स्वतःच बेकायदा शिकारीत असाल तर ही सवलत तुम्हाला नाही. आणि मेलेले जनावर सरकारचे, आपल्या चुलीचे नव्हे. हे वाक्य काहींना रुचणार नाही, पण कायदा असाच आहे.

एअरगनबद्दलही विचारतात. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. पण तिच्यात बदल करून दारूने गोळी उडेल असे काही केले की तीही कलम ६ मध्ये बसते. बांधाला जिवंत वीजप्रवाहाची तार लावणे आणि फळात गावठी बॉम्ब ठेवणे हे तर बंदुकीपेक्षा वाईट. गाय मरते, सकाळी लाकडाला जाणारी बाई मरते. नुकसानभरपाईचा अर्ज उशीर न करता द्या. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे.

चोर आला तर

स्वसंरक्षणाचा हक्क आहे, नक्की आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो दिला आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी बचाव करता येतो. मालमत्तेसाठी तेवढी मुभा फार थोड्या प्रसंगी आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, असे ते प्रसंग. चिकूचे क्रेट उचलून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणे यात बसत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात ही सगळी तत्त्वे एकत्र मांडली आहेत. भित्र्यासारखे पळून जा असे न्यायालय म्हणत नाही. पण सूड उगवायला हा हक्क वापरू नका, असे मात्र बजावते.

बचाव खरा होता हे आरोपीला दाखवावे लागते. गोळी सुटली की हत्यार जप्त होते आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते. तिथले तज्ज्ञ नळी मोजतात, चापाला किती जोर लागतो ते पाहतात, आतले भाग उघडतात. तुमचा बचाव शंभर टक्के खरा असेल, पण अहवालात चाप घासलेला, नळी कापलेली असे आले की सरकारी वकील विचारणार: हत्यार आधीपासून तयार करून का ठेवले होते? आणि "गोळी चुकून सुटली" म्हणालात तर चाप तुम्हीच हलका केला होता, म्हणजे निष्काळजीपणा तुमचाच. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद. खऱ्या माणसाची केस कानशीच्या चार फटक्यांनी खोटी दिसू लागते.

पेटी, किल्ली आणि वारस

हत्यार घरात ठेवताना रिकामे, सुटे करून, कुलूपबंद पेटीत किंवा लोखंडी कपाटात ठेवावे असा नियम आहे. किल्ली आपल्या कमरेला. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते. गोळी अंगरक्षकाने झाडली नव्हती, तरी त्याला अटक झाली. आपल्या नावचे हत्यार दुसऱ्याच्या हाताला लागेल असे ठेवले की काय होते, ते यातून दिसते.

सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर म्यानात असावे, लोकांना दाखवत फिरू नये. लग्नात, हळदीत, गावदेवीच्या जत्रेत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामाने हे लक्षात ठेवावे.

बापाच्या बंदुकीचा प्रश्न सगळ्यात अवघड. परवानाधारक वारला की परवाना त्याच्याबरोबर संपतो. बंदूक घरात ठेवून "वडिलार्जित आहे" म्हणणे चालत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि वारसाने आपल्या नावावर परवान्यासाठी अर्ज करायचा. जमा केली म्हणजे गेली असे नव्हे. पण दहा वर्षे माळ्यावर राहिली आणि झडतीत सापडली तर कोणी ऐकून घेत नाही. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुकांची मर्यादा आहे, पूर्वी तीन होत्या. ज्यांच्याकडे तिसरी अजून आहे त्यांनी उद्याच ठाणे गाठावे. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची झाली आहे, म्हणून विसरायला जास्त होते. तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा, पण ठेवा.

पोलीस पाटील, सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक सांगायचे आहे. गावात कोणाकडे गावठी कट्टा आहे, कोणी नळी कापून आणली आहे, हे तुम्हाला माहीत असते. कलम ३६ प्रमाणे या कायद्याखालचा गुन्हा माहीत असणाऱ्या प्रत्येकाने जवळच्या ठाण्यात खबर देणे बंधनकारक आहे. भावकीमुळे तोंड उघडत नाही हे मलाही कळते. निदान त्या घरी जाऊन, शेजारी बसून, हत्यार जमा करायला तरी लावा. निवडणुकीच्या वेळी हत्यारे जमा करण्याचा आदेश निघतो, तेव्हा छाननी समितीपुढे आपली बाजू मांडता येते. ज्याला खरोखर जिवाचा धोका आहे त्याने तेव्हा लेखी अर्ज द्यावा, ओरड करू नये.

जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वीचे परवाने ठाण्याचे आहेत. ते पालघरच्या नोंदीत आले आहेत का आणि त्यावर राष्ट्रीय नोंदणीचा युनिक क्रमांक पडला आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत एकदा जाऊन बघून या. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाल्यापासून वसईकडच्या लोकांनी तिकडे विचारावे. बाकी तालुक्यांनी पालघरला. जाताना मूळ परवाना आणि त्याची झेरॉक्स न्या, बंदूक नेऊ नका.